लाल संपलेत

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईला नाही. येडाईच्या देवळात हात जोडून उभा राहतो तेव्हा तिलासुद्धा नाही — तिला सगळं ठाऊकच असतं, मग आपण कशाला बोला, असं म्हणून तिथंही पळवाट काढतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा गेल्या महिन्यात दुकानात जे घडलं, त्यानंतर ती पोटात राहीना, म्हणून. तुम्ही फक्त ऐका. मध्येच उठून गेलात तरी माझी हरकत नाही.

माझं दुकान येरमाळ्यात हायवेला आहे. कॉम्प्युटरचं म्हणायचं, पण पोट चालतं ते मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि प्रिंटरच्या शाईवर. तरी कळंब-बार्शीकडची गेम खेळणारी पोरं माझ्याकडं मुद्दाम येतात, ती की-बोर्डसाठी. साध्या की-बोर्डच्या बटणांखाली रबर असतं. गेमवाल्यांचा की-बोर्ड वेगळा — त्यात प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगचा एकेक स्वतंत्र स्विच, उपटून दुसरा बसवता येणारा. लाल स्विच दाबला की अलगद सरळ खाली जातो, आवाज नाही. तपकिरी मध्येच जरासा अडतो. आणि निळा — निळा अडतोही आणि टक्क वाजतोही. काउंटरवर एका पट्टीवर मी हे सगळे बसवून ठेवलेत, गिऱ्हाइकानं बोट ठेवून बघावं म्हणून. पोरं बोटं ठेवतात, निळ्यावर खूश होतात आणि विचारतात, दादा, कुठला घेऊ? मी सांगतो, गेमला लाल घे. हलका असतो, हात दमत नाही, आणि शेजारच्याला तुझं बोट ऐकू जात नाही.

हे शेवटचं वाक्य बोलताना मी दरवेळी पट्टी पुसायला घेतो. कुणाच्या लक्षात येत नाही. धंद्यात मी इमानदार आहे, गावात कुणालाही विचारा. स्विच निवडून देताना आजवर एकालाच खोटं बोललो.

तो एक म्हणजे सोमनाथ. आमचा सोम्या. आमच्या घरापासून चार घरं सोडून त्याचं घर. घरात पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ घालायचं काम. लग्न झालं, नवं घर बांधलं की लोक त्यांना बोलावतात. रात्रभर देवीचं गाणं, तुणतुणं, झांज, पेटलेली दिवटी आणि कमरेला बांधलेलं संबळ. सोम्याचे आबा संबळ वाजवायला लागले की म्हाताऱ्या बायकांच्या अंगात यायचं. ते सोम्याला अंगणात शिकवायचे आणि मी शेजारी बसून असायचो, बहुतेक वेळा हातात त्यांच्याच घरची भाकरी घेऊन. आबांचं एक शिकवणं माझ्याही डोक्यात पक्कं बसलंय. म्हणायचे, ‘‘पोरा, मोठा ठोका टाकायच्या आधी हात थांबला पायजे. निस्तं बडवू नगं. त्या थांबण्यात आई येती.’’ मग ते वाजवून दाखवायचे — बारीक, बारीक, बारीक वाजत राहायचं, मग श्वासभर काहीच नाही, आणि मग एकदम जोर. सोम्या ते बघून तसंच वाजवायचा. सातवी-आठवीतच त्याचा हात असा बसला होता की आबा नुसते मान हलवायचे.

हे आधी सांगतोय, कारण पुढचं सगळं ह्याच्यावरच उभं आहे. मी त्या अंगणात बसून जे फुकट ऐकलं, तेच नंतर वापरलं. कशासाठी, ते आता सांगतोच.

चार-पाच वर्षांपूर्वी आम्हा दोघांना बंदुकीच्या गेमचं वेड लागलं. मोटारसायकलवरून धाराशिवला जायचं, बस स्टँडमागच्या जावेदभाईच्या कॅफेत बसायचं, अंधार पडायच्या आत परत. सोम्याला हरवणं मला सगळ्यात सोपं जायला हवं होतं — कॉम्प्युटरवाला मी, दुकान माझं, स्विच मला कळतात, माउस मला कळतो. त्याच्या घरी तर साधा कॉम्प्युटरही नव्हता. पण तो खुर्चीत बसला की सगळं उलटं व्हायचं. त्याचा हात बघायला पोरं आपापला खेळ सोडून मागं उभी राहायची. आणि मी? मीपण उभा राहायचो, हसायचो, त्याच्या पाठीवर थाप मारायचो. आतून मात्र जळायचो. साधा, स्वच्छ हेवा — त्याला दुसरं नाव नाही.

मग पुण्याच्या स्पर्धेचं निघालं. जावेदभाईनं आपल्या कॅफेतर्फे पाच जणांचा संघ पाठवायचं ठरवलं. चौघं धाराशिवचेच होते, ठरलेले. पाचव्या जागेसाठी आम्ही दोघं. जावेदभाई म्हणाला, ‘‘मैं कायको बुरा बनूँ? दोनो आमने-सामने खेलो. जो जीता वो पूना.’’ सगळ्यांनी सोम्याकडं बघितलं. माझ्याकडं कुणी बघितलंच नाही, आणि ते मला लागलं. पुण्याला जाऊन मी काय उजेड पाडणार होतो? काही नाही. पण ती खुर्ची मला हवी होती, आणि खरं बोलायचं तर ती सोम्याला मिळू नये असं जास्त वाटत होतं.

सोम्याची एक सवय होती. भिंतीआड लपून वाट बघायची वेळ आली की तो चाकू-बंदूक, चाकू-बंदूक असं शस्त्र बदलत बसायचा. गेममध्ये त्याचा उपयोग काही नाही. पोरं चाळा म्हणून करतात. पण सोम्याची बोटं नुसती चाळा करत नव्हती. ती वाजवत होती — बारीक, बारीक, बारीक. आणि भिंतीआडून बाहेर पडायच्या आधी श्वासभर थांबायची. दरवेळी. कॅफेतल्या रबरी की-बोर्डवर ते फक्त शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला ऐकू यायचं. शेजारच्या खुर्चीत मी असायचो. ज्या दिवशी ते माझ्या लक्षात आलं, त्या दिवशी मला काय वाटलं सांगू? वाईट वाटायला हवं होतं ना? मला आनंद झाला.

सामन्यासाठी आपापला की-बोर्ड आणायला परवानगी होती. सोम्यानं त्याच्या मामाचा वापरलेला एक आणला होता, स्विच बदलता येणारा, पण आतले स्विच खराब झालेले. सामन्याच्या आदल्या आठवड्यात तो दुकानात आला. काउंटरवरच्या पट्टीवर बोटं फिरवली. निळ्यावर थांबला आणि लहान पोरासारखा हसला. ‘‘आयला, ह्यो बोलतोय की रं!’’ पण लगेच म्हणाला, ‘‘समदे म्हणत्यात गेमला लालच बरे. खरं हाय का? मला त्यातलं काय कळंना. तूच सांग कुठलं घिऊ.’’

तूच सांग. माझ्यावर टाकून तो मोकळा झाला आणि पट्टीवर पुन्हा वाजवायला लागला.

त्या वेळी लाल स्विचचं पाकीट माझ्या गुडघ्याला लागत होतं. काउंटरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, अगदी समोर. ड्रॉवर अर्धवट उघडा होता. मी तो गुडघ्यानं बंद केला — सावकाश, आवाज न करता — आणि म्हणालो, ‘‘लाल संपलेत.’’ एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माणूस खोटं बोलायला लागला की त्याला धीर धरवत नाही. मी पुढं म्हणालो, ‘‘आणि तुझ्या हाताला निळाच. तुला ठोका ऐकू आला तरच तू खेळतोस.’’ हे वाक्य खरं होतं, म्हणूनच ते जास्त वाईट होतं. सोम्याला पटलं. त्याच्या आबांनी सांगितल्यासारखं पटलं.

तो समोर स्टुलावर बसला आणि मी त्याच्या की-बोर्डचे जुने स्विच चिमट्यानं एकेक उपटले, निळे एकेक बसवले. मध्येच त्यानं दोघांसाठी चहा आणला. बसवून झाल्यावर त्यानं संपूर्ण की-बोर्डवर एकदा बोटं फिरवली आणि दुकान नुसतं टकटकून गेलं. हायवेवरून गाड्या जात होत्या, तरी तो आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. मी मुद्दाम बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिलो, किती लांबून ऐकू येतंय ते बघायला. हो — तेसुद्धा केलं.

एवढंच असतं तर मी कदाचित स्वतःची समजूत घातली असती. म्हटलं असतं, स्विचच तर दिले, लोक पैसे देऊन निळे घेतात. पण सामन्याच्या दिवशी मी आणखी एक काम केलं. उन्हाळा होता. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. कॅफेत खिडकीला मोठा कूलर, त्याचा घरघराट एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. मी जावेदभाईला म्हणालो, ‘‘कूलरमुळं लाईट कमी-जास्त होतीय. मशीन बंद पडलं तर सामना वाया.’’ त्याला ते पटलं. कॉम्प्युटरवाला मी, मीच सांगतोय म्हटल्यावर पटणारच. कूलर बंद झाला. खोलीत एकदम शांतता झाली, आणि बघायला आलेली पोरं शर्टाच्या बाह्यांनी घाम पुसत गप्प उभी राहिली.

आम्ही समोरासमोर बसलो. मध्ये प्लायवूडची एक फळी, आमची तोंडं एकमेकांना दिसू नयेत म्हणून. दोघांच्या कानांवर मोठे हेडफोन. पहिल्या काही फेऱ्या मी सरळ खेळलो. हे चांगुलपणानं नाही. मला वाटत होतं, वेळ आलीच तर बघू. वेळ लगेच आली. सोम्या मला कुठून मारत होता तेच कळत नव्हतं. मी भिंतीशी पोचायच्या आत मेलेला असायचो. मागून कुणीतरी हसलं. जावेदभाई म्हणाला, ‘‘अरे संभाल, संभाल.’’ माझी बोटं घामानं निसटत होती, कानशिलं तापली होती, आणि अजून एक-दोन फेऱ्या गेल्या की संपलं, हे मला दिसत होतं.

मग मी घाम पुसायचं निमित्त केलं आणि उजव्या कानावरचा हेडफोन मागं सरकवला. थोडासाच, केसांआड. कुणाला दिसलं नाही.

फळीच्या पलीकडून ऐकू आलं — टकटक, टकटक, टकटक. सोम्या भिंतीआड उभा होता. मी बंदूक त्या भिंतीच्या कडेवर धरली आणि हाललो नाही. टकटक, टकटक. माझ्या छातीत त्याच्यापेक्षा जोरात वाजत होतं. मग ते थांबलं. श्वासभर काहीच नाही. मी बोट दाबलं, आणि सोम्या बाहेर आला तो माझ्या गोळीतच आला. पोरं ओरडली. पुढच्या फेरीला पुन्हा तसंच. त्याच्या पुढच्या फेरीलाही. तो जागा बदलायचा, वर चढायचा, मागून यायचा. पण बाहेर पडायच्या आधी त्याचा हात थांबायचा, कारण लहानपणापासून तो तसाच थांबवायला शिकला होता. तो माझ्याशी खेळत होता. मी खेळतच नव्हतो, मी नुसता ऐकत होतो. एका सुट्टीत त्यानं फळीवरून मान काढून माझ्याकडं बघितलं आणि हसत भुवया उडवल्या, वा रे पठ्ठ्या अशा अर्थानं. हेडफोन तेव्हाही सरकलेला होता. मी हसलो. पुण्याची जागा मला मिळाली.

जावेदभाईनं सोम्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘‘आज तेरा टायमिंग नै बैठा.’’ सोम्यानं की-बोर्ड पिशवीत घातला.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, असं तुम्हाला वाटत असेल. थांबा. मी अजून मुख्य गोष्टीपर्यंत आलेलो नाही. मनातल्या मनात सांगायला बसलो की दरवेळी मी इथंच रेंगाळतो — स्विच, कूलर, हेडफोन. हे सांगणं त्या मानानं सोपं आहे. खेळातली लबाडी म्हणून लोक सोडूनही देतील. मला जे गिळता येत नाही, ते त्यानंतर संध्याकाळी घडलं.

परत येताना येडशीला थांबलो. रामलिंगाकडं जाणाऱ्या फाट्यावर चहाची टपरी आहे, तिथं माकडं रस्त्यापर्यंत येतात. सोम्या माकडांना बिस्किटं टाकत बसला होता. चहा आला, निवला. मग त्यानं आपले दोन्ही हात पुढं धरले आणि उलटेसुलटे करून बघितले, जसं आपण पावसात भिजलेली वस्तू बिघडली का ते बघतो. आणि म्हणाला, ‘‘रव्या, एक खरं सांग. म्या भाईर यायच्या आधीच तू तयार असायचास. दर बारीला. माझा हात हळू पडतोय का रं? दुसऱ्या कुणी सांगितलं तर मी मानणार न्हाय. तू सांग.’’

पुन्हा तेच. तू सांग.

काय सांगायचं होतं मला? नाही म्हणायचं होतं. नुसतं नाही. सगळं कबूल करायचीही गरज नव्हती — नाही रे, आज माझं नशीब होतं, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण माझं डोकं भलतीकडं धावलं. सोम्या खुळा नव्हता. हात हळू नाही म्हटलं, तर तो दुसरं कारण शोधणार. रात्री पडल्या पडल्या विचार करणार, कूलर का बंद केला, लाल नेमके कसे संपले. हे सगळं मी चहाचा घोट गिळेपर्यंत मोजून टाकलं. आणि त्याच्या तोंडाकडं न बघता, माकडांकडं बघत म्हणालो, ‘‘व्हय. जरा हळू पडतोय.’’

हे ते. हेच मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानं मान डोलावली. वाद घातला नाही, चिडला नाही. ‘‘बरं झालं सांगितलंस,’’ म्हणाला. चहाचे पैसेही त्यानंच दिले. मला तेव्हा हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

पुण्यात आमचं काय झालं ते विचारू नका. पहिल्याच फेरीत तिकडच्या पोरांनी आम्हाला धुऊन काढलं. सगळ्यात आधी मी बाद झालो. तिथं फळीपलीकडं कुणाची बोटं वाजत नव्हती.

मला वाटलं, सोम्या फार तर गेम सोडेल. गेम त्यानं सोडलीच. पण पुढच्या चैत्रात, येडाईच्या यात्रेत, त्यांच्या घरच्यांचा गोंधळ बघायला मी नेहमीसारखा गर्दीत जाऊन उभा राहिलो आणि बघतो तर संबळ त्याच्या चुलतभावाच्या कमरेला. सोम्या मागं उभा होता. हातात तुणतुणं. तुणतुण्याला एक तार असते, एका बोटानं छेडायची. तो ती छेडत होता आणि खाली बघत होता. चुलतभाऊ बिचारा जीव तोडून बडवत होता, पण तो थांबायचा नाही, आणि लोकांना काहीतरी चुकतंय हे कळत होतं, काय चुकतंय ते कळत नव्हतं. मला कळत होतं. ‘उदो, उदो’च्या गजरात मी तिथून निघून आलो.

गावात बोलणं झालं. कुणी म्हणालं, पोराला लाज वाटती. कुणी म्हणालं, शिकलेल्या पोरांना हे नको असतं. सोम्यानं घरी एवढंच सांगितलं होतं की हात जड झालाय. आबा त्याला डॉक्टरकडंही घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, हाताला काही झालेलं नाही.

त्यानंतर एका दुपारी आबा दुकानात आले. आयुष्यात पहिल्यांदाच आले असतील; त्यांना ह्या दुकानातलं काय लागणार? मी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. पटका काढून हातात धरला. म्हणाले, ‘‘तू त्याचा दोस्त. तुला कायतर बोलला आसंल. म्या त्या गेमवरनं लई बोललो त्याला. म्हणलं, आईचा हात हाय, तो असल्या खेळात घालू नगंस. तवा त्याच्या मनाला लागलं का काय? माझ्यामुळं तर न्हाय ना झालं हे?’’

काउंटरच्या अलीकडं मी आणि पलीकडं ते. मध्ये ती पट्टी, निळ्या स्विचसकट. ज्यांच्या अंगणात मी भाकरी खाल्ली, तो माणूस माझ्यासमोर स्वतःला दोष देत उभा होता, आणि त्याला त्यातून सोडवायला माझं एक वाक्य पुरणार होतं. मी म्हणालो, ‘‘मला काय माहीत न्हाय, आबा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.’’

ते पटका डोक्याला बांधून गेले. आबा आता नाहीत. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. त्यांच्या दिवसकार्यालाही सोम्यानं संबळ हातात घेतलं नाही. जाईपर्यंत त्यांना आपल्या बोलण्यामुळंच ते सुटलं असं वाटत राहिलं का? मला माहीत नाही. मी विचारायला गेलो नाही.

आणि आता गेल्या महिन्याचं.

सोम्या हल्ली कळंबला एका ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात काम करतो. दिवसभर टायपिंग. संध्याकाळच्या गाडीनं घरी येतो आणि जाता-येता मला हात करतो — आमची दोस्ती तुटलेली नाही, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. माझ्या लग्नात तो पुढं होऊन वाढत होता. त्याच्या मनात माझ्याबद्दल काही नाही. चोराच्या मनात चांदणं असतं तसं सगळं माझ्याच मनात आहे.

तर तो आला, म्हणाला मालकानं त्याला चांगला की-बोर्ड घ्यायला सांगितलंय, दिवसभर बोटं दुखतात. मी आत खोकं काढायला वळलो. आणि माझ्या पाठीमागं सुरू झालं. टकटक, टकटक, टकटक. पट्टीवरच्या निळ्या स्विचवर. आधी हळू, मग दुणीत, दुप्पट लयीत, मग इतक्या वेगात की वेगवेगळे ठोके ऐकू येईनात, एकच झरझर आवाज. बोटं दोनच असतील. माझे हात खोक्यावर तसेच राहिले. ते वाजत गेलं, वाजत गेलं, आणि थांबलं. श्वासभर काहीच नाही. मी डोळे मिटले. मग तो ठोका पडला. इतक्या वर्षांनी, माझ्या दुकानात, चार रुपयांच्या प्लॅस्टिकवर आबांचा हात पडला.

मी वळलो तेव्हा तो स्वतःच ओशाळला होता. बोटं खिशात घातलेली. ‘‘सवय रं,’’ म्हणाला. ‘‘ह्यो निळा लई गोड बोलतो. पर मला नगं. लाल हायत का?’’

‘‘हायत,’’ मी म्हणालो.

तोच ड्रॉवर. काउंटर बदलला, ड्रॉवर तोच ठेवलाय. मी उघडला. आतून पाकीट काढून त्याच्यापुढं ठेवलं. तोंडात वाक्य तयार होतं — तेव्हाही होते, सोम्या. तीनच शब्द. तो पाकीट उलटसुलट करून बघत होता, आणि मला सहज बोलावं तसं म्हणाला, ‘‘तवा लाल घावले असते तरी म्या हरलोच असतो म्हणा. हातच हळू माझा. तूच तर सांगितलंस.’’

तो चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो हसत म्हणाला.

मी नव्या की-बोर्डात स्विच बसवून दिले. एकेक करून, लाल. त्यानं चहा मागवला. आम्ही त्याच्या मालकाबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो, माझ्या पोरीबद्दल बोललो. मग तो पिशवी घेऊन निघाला. रस्ता ओलांडताना एका हातानं तो पिशवीवर काहीतरी वाजवत होता, आणि पलीकडं पोचल्यावर त्याचं त्यालाच लक्षात आल्यासारखा थांबला.

त्याचा हात हळू नव्हता. कधीच नव्हता. त्या दिवशी कॅफेत नव्हता, आजही नाही, आणि हे जगात एकट्या मला माहीत आहे. आता तुम्हालाही. ज्याला सांगायला हवं तो माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतो. हे सांगतोय तेव्हा तो घरी आहे, त्याच्या ओट्यावरचा दिवा मला इथून दिसतोय. मी हाक मारलेली नाही.